मोडीवाल्या अण्णांना, बोर्डिंगच्या दप्तराबद्दल

आदरणीय अण्णांस,
सा. न. वि. वि.

कोल्हापुरातल्या बोर्डिंगांच्या इतिहासाचं टिपण एकदाचं पुरं झालं. त्यात तुमचं नाव घालायचं नाही असं तुम्ही निक्षून सांगितलंत, म्हणून बिननावाचं हे उघड पत्र. तोंडावर आभार मानले की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता. इथे ती सोय नाही.

वसतिगृहाचा इतिहास म्हटलं की हॉलमधल्या तसबिरी आणि दारावरची संगमरवरी पाटी यांवरूनच तो लिहिला जातो. तुम्ही विचारलंत, ‘बोर्डिंग सुरू झालं’ म्हणजे नक्की काय झालं? दरबारचा हुकूम निघाला, पहिली पोरं जेवायला बसली, पाया घातला, की नव्या इमारतीत बिऱ्हाड गेलं? या चारही तारखा वेगळ्या असू शकतात, आणि पाटीवर बहुधा त्यातली एकच असते. प्रत्येक तारखेला दोन कागदांचा आधार हवा, तोही दोन वेगळ्या हातांनी लिहिलेल्या, हा तुमचा दंडक सगळ्या टिपणाला पुरला.

फसली सालाचा, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाच्या सालाचा, गुंता तुम्ही सोडवला नसतात, तर पहिल्याच पानावर घोटाळा होता. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १८ एप्रिल १९०१ ला सुरू झालं. पाडवा नुकताच होऊन गेला होता, म्हणजे शके १८२३. पण फसली साल बदलतं मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, तेव्हा एप्रिलमध्ये अजून फसली १३१० च चालू. जून ते डिसेंबरच्या नोंदीत ५९० मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत ५९१. सरसकट ५९० मिळवले की साल येतं १९००, आणि राणी वारण्याच्या आधीच बोर्डिंगला तिचं नाव मिळाल्याचं दिसतं. राणी व्हिक्टोरिया वारली २२ जानेवारी १९०१ ला. शकातही हीच गोम: डिसेंबरपर्यंत ७८, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. म्हणून कुठलंही साल लिहिताना महिना सोडायचा नाही आणि मूळ साल खोडायचं नाही, इंग्रजी साल त्याच्या शेजारी लिहायचं.

प्रवेशाच्या रजिस्टरपेक्षा खानावळीची किर्द, म्हणजे रोजच्या हिशेबाची वही, जास्त बोलते, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. रजिस्टरात नाव एकदा चढलं की पोरगा अर्ध्या वर्षात गाव गाठो, नाव तसंच राहतं. किर्दीत रोजची ताटं असतात आणि खाडे वजा होतात. बोर्डिंगात खरोखर किती जण राहत होते, ते तिथेच कळतं. मात्र किर्द वाचणं सोपं नाही. ५॥ म्हणजे साडेपाच रुपये; घाईत टाइप करणारा ते ५११ करून टाकतो. उभी रेघ चार आण्यांची, आडवी एका आण्याची, म्हणजे एक उभी आणि दोन आडव्या झाल्या सहा आणे. मोडीत आधीच शिरोरेघ सलग ओढलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. त्यात शाई फुटली की आडवी रेघ शिरोरेघेत मिसळते आणि एक आणा गायब होतो. त्यावर तुमचा उपाय: पानावरच्या सगळ्या रकमा पैंत करायच्या (रुपयाच्या १९२, आण्याच्या १२), बेरीज करायची आणि कारकुनाच्या बेरजेशी ताडायची. फरक १९२ च्या पटीत आला तर बहुधा रुपयाचा आकडा चुकला, नुसता बाराच्या पटीत आला तर रेघ, नाहीतर पैचा आकडा. १ एप्रिल १९५७ नंतर नवे पैसे सुरू झाले. त्या सालच्या वहीत दोन्ही पद्धती सापडतात, तिथे तारीख पाहूनच हिशेब.

धान्याच्या नोंदींना मात्र तुम्ही हात लावू दिला नाहीत, ते बरं केलंत. पायली चार शेरांची हे खरं, पण ते माप, वजन नव्हे; आणि मणात पायल्या कुठे १२, कुठे १६. जोंधळ्याचं गणित तांदळाला लागू पडत नाही. म्हणून टिपणात किलो कुठेच नाहीत. वाचणारे कुरकुरतील, कुरकुरू देत.

बोर्डिंगं जातवार का, हा प्रश्न प्रत्येक नवा वाचक विचारतो, आणि त्याचं उत्तर शाहू महाराजांनीच आधी केलेल्या एका प्रयत्नात आहे. १८९६ ला राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह निघालं. दार सगळ्यांना उघडं, पण कारभार ब्राह्मणांच्या हाती, आणि आत राहिली तीही बहुतेक ब्राह्मण मुलंच. मग वाट बदलली. एकेका समाजाने आपली कमिटी करायची, वर्गणी काढायची, दरबारने जागा आणि मदत द्यायची. १९०१ ला मराठा आणि जैन, १९०६ ला मुस्लिम, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क, आणि पुढे कितीतरी. मिस क्लार्क ही मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी, नाव तिच्यावरून. जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली; १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगाला शाहू महाराजांचं नाव मिळालं. १८९६ मध्ये जे जमलं नाही ते तिथे जमलं, हा धागा टिपणात तुमच्यामुळे आला.

जातीचा रकाना मोजायचा, पण नावासकट छापायचा नाही, ही तुमची अट तंतोतंत पाळली आहे. त्या मुलांची नातवंडं आज याच गावात आहेत.

कागदावर तारीख नसेल तर काय पाहायचं, तेही तुम्हीच शिकवलंत. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा करवीर दरबारचा शिक्का असेल तर कागद त्याआधीचा. परीक्षेच्या रकान्यात मुंबई विद्यापीठ, मग पुणे, मग शिवाजी विद्यापीठ. शेवटचं नाव १८ नोव्हेंबर १९६२ च्या आधी येऊच शकत नाही. आणि कौलं! मंगलोरी कौलावर १८६५ दिसलं की इमारत १८६५ ची म्हणून लोक मोकळे होतात. ते साल बासेल मिशनचा कारखाना निघाल्याचं; कौल पन्नास वर्षांनी भाजलेलं असलं तरी छाप तीच.

आता दप्तराबद्दल. सेलोटेप बंद केली: तिचा चिकटा पिवळा पडून कागदात मुरतो, आणि पट्टी गळून पडली तरी डाग राहतो. प्लास्टिक लॅमिनेशनही बंद, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. फाटलेल्या पानाला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, तीही मोरचूद न घालता. काजळीची शाई काळीभोर टिकते, पण ओल लागली की ओघळते. हिराकशीची (लोहाच्या क्षाराची) शाई ओघळत नाही, पण अक्षराच्या जागी कागदच खाते. म्हणून पहिल्या प्रकारच्या वह्या वरच्या फळीवर, आणि दुसऱ्या प्रकारच्यांचे फोटो सगळ्यात आधी काढले. रॅक भिंतीपासून वीतभर सुटे केले. वाळवी भिंतीतूनच चढते. फोटो फ्लॅशशिवाय, दोन दिवे दोन बाजूंनी तिरपे, कडेला मोजपट्टी ठेवून. कोऱ्या पानांचेही फोटो घेतले, नाहीतर पान कोरं होतं की कुणी फाडलं ते कळत नाही. पानांवर आकडे पेन्सिलीनेच.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर गावात ओल्या वह्या उन्हात वाळत घातलेल्या सगळ्यांनी पाहिल्या. उन्हाने पानं आक्रसतात आणि एकमेकांना चिकटून वीट होते. तुमची चिठ्ठी आता कपाटाच्या दारावर आतून लावली आहे: वही उघडायची नाही, दाबायची नाही, दोन दिवसांत वाळवणं शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये, नंतर थोडी थोडी काढून मध्ये कोरा न्यूजप्रिंट, छापील वर्तमानपत्र नव्हे, आणि पंखा लांबून.

शेवटचा मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, अजून सोडलेला नाही. त्याच्या गाठीजवळ कसर (कागद खाणारी कीड) दिसते, आणि पावसात तो उघडायचा नाही हे तुमचंच सांगणं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की निरोप धाडतो. भिंग आमच्याकडे आहे, चष्मा तेवढा घेऊन या.

आपले नम्र,
बोर्डिंगच्या दप्तराचं काम पाहणारे आम्ही सगळे
कोल्हापूर