काय आहे तिथे एवढं?

सॉल्ट लेक सिटी, यूटा
६ ऑक्टोबर

ति. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मायना वाचून हसू नकोस. शाळेत घोकलेल्या पत्रलेखनातला एवढाच भाग डोक्यात राहिलाय.

आम्ही यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान बघून आलो, त्यावर रविवारी फोनवर तू विचारलंस, "पाच-पाच तास गाडी हाकत गेलात ते झाडं बघायला? वेताळ टेकडीवर काय झाडं नाहीत? काय आहे तिथे एवढं?" मी "अगं, छान असतं" असं काहीतरी पुटपुटलो आणि फोन ओवीच्या हातात दिला. नंतर मुक्ता म्हणाली, "छान तर बाकरवडीही असते. आईंनी विचारलं ते वेगळंच होतं." म्हणून लिहायला बसलो. हे फोनवर सांगायला गेलो तर मध्येच तुझ्या कुकरची शिट्टी होते आणि विषय भाजीवर जातो.

तू तीस वर्षं बँकेत कॅशवर बसलीस, तेव्हा आधी हिशेब. आत जायला एका गाडीचे ३५ डॉलर, त्यात सात दिवस. राहायचं मात्र महाग पडलं, तो आकडा मी सांगणार नाही. जेवण आपलंच होतं. मुक्ताने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती, मी मेतकूट-भात.

उद्यान म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे संभाजी उद्यान येतं आणि दाराशी भेळवाले, हे मला ठाऊक आहे. यलोस्टोन हे जवळजवळ ९,००० चौरस किलोमीटरचं रान आहे, आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठं. १८७२ साली सरकारने ठरवलं की इथे कोणी जमीन घ्यायची नाही, विकायची नाही. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ते हेच. पाट्यांवर हे सगळं मोठ्या कौतुकाने लिहिलेलं आहे. पण रान काही तेव्हा रिकामं नव्हतं. शोशोनी लोकांची कुटुंबं तिथे डोंगरमेंढ्यांच्या शिकारीवर पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, त्यांना पुढे बाहेर काढलं. ताडोबातली गावं उठवली तेव्हा बाबा पेपर वाचता वाचता म्हणाले होते, "वाघाला जागा हवी हे खरं, पण ती दर वेळी गरिबाच्याच अंगणातून कशी निघते?" ते वाक्य मला तिथे दोनदा आठवलं. हे लिहून टाकलं, कारण पुढे मी नुसतं कौतुक करणार आहे.

पहिल्या दिवशी गरम पाण्याची ठिकाणं बघितली. ओल्ड फेथफुल नावाचा उकळता फवारा साधारण दीड तासाने उडतो. त्याच्यापुढे बाकं मांडलेली, माणसं मोबाइल वर धरून बसलेली. फवारा उडाला की टाळ्या. मला नाही आवडलं ते. निसर्गाला टाळ्या कसल्या वाजवायच्या? ओवीला मात्र फार आवडलं, "आजीचा कुकर" म्हणाली.

तिथून जवळच ग्रँड प्रिझमॅटिक नावाचं कुंड आहे. तू असतीस तर आधी नाकाला पदर लावला असतास, कारण हवेत पादेलोणाचा वास. वज्रेश्वरीला आपण कुंडात पाय सोडून बसलो होतो, तसलं इथे चालत नाही. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालायचं, खाली उतरायचं नाही. जमिनीची पापडी पातळ आणि खाली उकळतं पाणी. कुंड शंभर मीटरहून रुंद, मधोमध निळंशार, मग हिरवं, पिवळं, कडेला गेरूसारखं. हे कडेचे रंग उष्णतेत जगणाऱ्या जिवाणूंचे. मधलं पाणी इतकं कढत की त्यांनाही तिथे थारा नाही, म्हणून ते निळं.

आणि हे बाबांना वाचून दाखव. याच उद्यानातल्या एका झऱ्यात १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक नावाच्या शास्त्रज्ञाला असाच एक जिवाणू सापडला. त्याच्यापासून मिळालेलं विकर उष्णतेत टिकतं, आणि त्याच्यामुळे पीसीआर चाचणी सोपी झाली. कोविडमध्ये बाबांच्या नाकात काडी घातली आणि तू दोन दिवस देवापुढे निरांजन विझू दिलं नाहीस, त्या चाचणीचं मूळ इथे. म्हणजे आपल्या कोथरूडच्या घराचं या कुंडाशी काहीतरी नातं निघालं. ब्रॉकला तेव्हा चाचणीबिचणी काही नको होती. एवढ्या उकाड्यात कोण राहतं, एवढंच त्याला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रस्त्यात बायसन. आपल्या म्हशीला गव्याचं खांदाड आणि अंगावर घोंगडं दिलं तर काय दिसेल, तसा. एकेक नर नऊशे किलोपर्यंत भरतो. पंधरा-वीस जण डांबरी रस्त्याच्या मधोमध, निवांत. मागे गाड्यांची रांग. लक्ष्मी रोडवर हे झालं असतं तर हॉर्नने कान फुटले असते. इथे कोणी हॉर्न वाजवला नाही. चाळीस मिनिटं. एक नर माझ्या खिडकीपासून हातभरावरून गेला. त्याचा श्वास काचेवर उमटला, आणि त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आई, हे कसं सांगू? ऑफिसात दिवसभर कोणी ना कोणी माझ्याकडे बघत असतं. मेल गेली का, रिपोर्ट झाला का, व्हिसाचं काय झालं. त्या जनावराला मी आलो काय, गेलो काय, सारखंच. अपमान वाटायला हवा होता. उलट खांद्यावरचं पोतं कोणीतरी उतरवून घ्यावं तसं झालं. १९०२ साली या उद्यानात हे बायसन जेमतेम दोन डझन उरले होते. आज हजारोंनी आहेत, आणि रस्ता अडवतात.

मग तिसऱ्या दिवसाची पहाट. खरं पत्र त्याच्यासाठीच आहे.

लामार नावाचं खोरं आहे. मधून नदी, दोन्हीकडे पिवळं गवत, लांब डोंगर. झाडं फारशी नाहीत, हे मुद्दाम सांगतो. साडेसहाला पोचलो तेव्हा थंडी शून्याच्या खाली. ओवीला दोन स्वेटर, वर माझी कानटोपी. रस्त्याच्या कडेला दहा-बारा माणसं तिकाटण्यांवर मोठ्या दुर्बिणी लावून उभी होती, बहुतेक पेन्शनीत निघालेली. कोणी कोणाशी मोठ्याने बोलत नव्हतं. एका आजीबाईंनी ओवीला स्वतःच्या घडीच्या स्टुलावर उभं केलं आणि दुर्बीण तिच्या उंचीला आणून दिली. नदीपलीकडे, मैलभर लांब, सात ठिपके. दोन काळे, बाकी राखी. लांडगे.

इथले लांडगे माणसाने वेचून वेचून मारले होते. १९२६ साली शेवटचे मारले आणि पुढे जवळजवळ सत्तर वर्षं खोरं त्यांच्यावाचून राहिलं. १९९५ आणि ९६ मध्ये कॅनडातून एकतीस लांडगे आणून सोडले. आज दिसतात ते बहुतेक त्यांच्याच वंशातले.

आणि मग ते ओरडले. ओरडले हा शब्द बरोबर नाही. आधी वाटलं कोणाच्या गाडीचं दार करकरतंय. मग तो सूर वर चढला, तिथेच थांबला, आणि दुसरा त्याच्या जरा खालून निघाला. मग तिसरा. सगळ्यांचे सूर वेगळे. खोऱ्यात कुठून काय येतंय कळेना. ओवीने माझं जाकीट घट्ट धरलं. मुक्ताने माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे तोंड केलं, कारण मी रडत होतो. चाळिशी ओलांडलेला बाप्या, नाक पुसायला रुमालही नाही, तर कानटोपीचं टोक.

का रडलो याचा विचार परतीच्या पाच तासांत केला. आणि तू आठवलीस.

तुला आठवतं का? मी सहावी-सातवीत असेन. रात्री लाइट गेले होते. तू मेणबत्तीपाशी पोळ्या लाटत होतीस, आणि कशावरून तरी सुप्याच्या घराचं निघालं. तू लहान असताना उन्हाळ्यात सगळे अंगणात झोपायचे. माळावर धनगरांचे वाडे बसलेले असायचे, आणि रात्री लांडगे ओरडायचे. मेंढ्या गप्प व्हायच्या, कुत्री पेटायची. तू तुझ्या आजीच्या पदराखाली शिरायचीस. आणि आजी म्हणायची, "झोप. ते आपल्याला नाही बोलत." मग तू लाटणं थांबवून म्हणालीस, "पुढे कॅनॉल आला, ऊस आला, आणि एका सुट्टीत ऐकूच आले नाहीत. त्या रात्री मला जास्त भ्या वाटलं."

तू भ्या म्हणालीस. एरवी पुण्यात तू भीती म्हणतेस.

लामारला मी जे ऐकलं ते मला नवं नव्हतंच. तुझ्याकडून ऐकलं होतं. तुझा लांडगा अंगाने बारीक, मातकट; इथला दांडगा, केसाळ. पण जात एकच. ते आपल्याला नाही बोलत, हे ऐकायलाच बहुतेक मी पाच तास गाडी हाकत गेलो. तेव्हा काय आहे तिथे एवढं, हे मला विचारण्यात अर्थ नाही. तुला माझ्याआधी माहीत होतं.

आता कामाचं. डिसेंबरात आम्ही येतोय, तिकिटं झाली. दर वेळी तू आमच्यासाठी बालगंधर्वची नाटकं काढून ठेवतेस. या वेळी दोन दिवस मोकळे ठेव. मयूरेश्वर अभयारण्य सुप्याजवळच आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा नक्की दिसतील. शिवाय शिर्सुफळला आणि इंदापूरकडे कडबनवाडीला वनखात्याने गवताळ माळावरची सफारी सुरू केली आहे, तिथे लांडगेही आहेत. पहाटे निघावं लागेल. तुझे गुडघे मला माहीत आहेत, पण चालायचं नाहीये, गाडीतूनच बघायचंय. बाबांची जुनी दुर्बीण माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहे, तिचा पट्टा तेवढा शिवून घे.

आणि मामाला फोन करून विचार, रात्री अजून ऐकू येतात का. तो काय म्हणतो ते मला फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव.

ओवीचा पापा. ती तुला विचारतेय की तुझे लांडगे मराठीत ओरडायचे का.

तुझा,
मन्या

ता. क. मेतकूट संपलं.