आजीच्या विसरण्याबद्दल

चि. रोहनला अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू आजीला "ओळख बघू, मी कोण?" असं विचारलंस. तिने बाबांचं नाव घेतलं आणि तुझा आवाज एकदम उतरला. तिची माया आटलेली नाही रे. तिच्या मेंदूत काय घडतंय ते तुला नीट कळावं म्हणून लिहिते आहे.

आजीला झालेल्या अल्झायमर या विसरण्याच्या आजारात मेंदूत दोन प्रथिनं साचतात. अमायलॉइड बीटाचे थर पेशींच्या बाहेर बसतात, टाऊचे गुंते पेशींच्या आत. जर्मनीत आउगुस्टे डेटर नावाची एक बाई 1901 मध्ये इस्पितळात आली, तेव्हा ती जेमतेम 51 वर्षांची होती. ती गेल्यावर 1906 मध्ये डॉ. अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत हे दोन्ही पाहिलं. अमायलॉइड लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचू लागतं. म्हणजे आजी भिशीचा सगळा हिशेब तोंडी सांगायची, तेव्हाच बहुधा हे सुरू झालं होतं. हे कळल्यापासून मला तिच्यावर चिडणं जमत नाही.

नवी आठवण जिथे रुजते, त्या हिप्पोकॅम्पसच्या भागाला टाऊ फार लवकर गाठतो. म्हणून आत्ताच घेतलेला चहा ती विसरते आणि पुन्हा मागते, पण लहानपणी ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या सलग म्हणते. तेव्हा तिची परीक्षा घेऊ नकोस. "आजी, मी रोहन बोलतोय" असं आपणच सांगायचं आणि एखादी ओवी म्हणायला लावायची. फोन सकाळी कर. दिवस कलला की ती फार गोंधळते, घाबरतेसुद्धा.

तू लेकानेमॅब या इंजेक्शनची बातमी पाठवलीस, ती मी डॉक्टरांना दाखवली. अमेरिकेत 2023 मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली. ते अमायलॉइड काढून टाकतं, पण आजार थांबत नाही. दीड वर्षाच्या चाचणीत घसरण साधारण 27 टक्क्यांनी मंदावली. तेही अगदी सुरुवातीच्या रुग्णांत, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका असल्याने पुन्हा पुन्हा एमआरआय करावे लागतात. आजी ती पायरी ओलांडून पुढे गेली आहे. डॉक्टर नको म्हणाले, आणि मलाही ते पटलं. ते औषध म्हणजे नुसती फसवाफसवी, असं मात्र मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांत रोगाच्या मुळाशी हात घालणारं काहीतरी हाती आलंय.

माझा जीव आता तुम्हा दोघांत अडकलाय. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालात 14 गोष्टी दिल्या आहेत. त्या सगळ्या सांभाळल्या तर जवळपास 45 टक्के डिमेन्शिया (अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश) टळू शकतो किंवा लांबवता येतो, असं त्यात म्हटलंय. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं, एकटेपणा, सगळं त्यात आहे. बाबा कुरकुर करत का होईना, कानाला यंत्र लावू लागलेत.

तूही तिशी ओलांडलीस. या महिन्यात बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासून घे आणि आकडे मला कळव.

तुझी,
आई