विषय: सेशन तुटायचे थांबले नाही, तक्रारीचे तिकीट मात्र तुम्ही बंद केलेत

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग, यांस,

तुमच्या मदत केंद्राला केलेला पाचवा फोन आत्ताच ठेवला. व्हर्च्युअल डेस्कटॉपचे, म्हणजे तुमच्या सर्व्हरवरच्या आणि इंटरनेटवरून वापरायच्या संगणकाचे, सेशन अजूनही दिवसातून सहा-सात वेळा तुटते. कधी दहा मिनिटांत, कधी दोन तासांनी.

वाय-फाय सोडून केबल लावली. नेटवर्क कार्डाची वीजबचत काढली. डेटा पाठवण्याच्या दोन पद्धतींपैकी यूडीपी बंद करून नुसत्या टीसीपीवर चालवले. स्क्रीन गोठणे कमी झाले, तुटणे नाही. शेजारी पिंग, म्हणजे इंटरनेट जोडणीची सततची चाचणी, चालू ठेवला, सेशन गेले त्या क्षणीही एक पॅकेट हरवले नाही. आणि दुसऱ्या शहरातून, दुसऱ्याच कंपनीच्या इंटरनेटवर काम करणारी माझी सहकारी त्याच सेकंदाला बाहेर फेकली जाते. दोघांच्या वाटेत सामाईक आहे तो तुमचा गेटवे, म्हणजे सगळ्यांची जोडणी ज्यातून आत जाते तो सर्व्हर. हे मी तिसऱ्या फोनपासून सांगतो आहे.

आज तुमचा माणूस म्हणाला, "राउटर बंद करून चालू करा." मी म्हणालो, दोघांचे राउटर वेगळे आहेत. तो म्हणाला, "मग तुम्ही बराच वेळ काही करत नसाल, आयडल टाइमआउट होत असेल." मी टाइप करत होतो, वाक्य अर्धे राहिले, असे सांगितले. टाइमआउट ठरलेल्या वेळेनंतर होतो, असा वाटेल तेव्हा नाही, हेही सांगितले. त्यावर तो म्हणाला, "सर, कॉम्प्युटरची थोडी माहिती असलेलं कोणी घरात आहे का? त्यांना फोन द्या." अकरा वर्षे मी सर्व्हर सांभाळतो. फोन ठेवून पाच मिनिटे झाली नाहीत तोच मेल आला: 'ग्राहकाचे समाधान झाले, तिकीट बंद.' माझे समाधान झाले असे मी कुणाला सांगितले?

होस्ट, म्हणजे हे डेस्कटॉप चालवणारे सर्व्हर, तुमचे, विंडोजचे. त्यांच्या लोकल सेशन मॅनेजरच्या लॉगमध्ये, म्हणजे सेशनच्या नोंदवहीत, ४० क्रमांकाच्या नोंदीत सेशन तुटल्याचा कारण-कोड असतो. पाच तारखा वेळेसकट सोबत जोडल्या आहेत. तो कोड आणि त्याच मिनिटाचा गेटवेचा लॉग, दोन्ही समोरासमोर ठेवून बघा. हे मला करता येत नाही, कारण ते लॉग तुमच्याकडे आहेत. पाच फोनांत एकानेही ते उघडले नाहीत.

तुमची सेवा आमच्या टीमसाठी मीच सुचवली होती. आता रोज सहकाऱ्यांना तोंड दाखवताना लाज वाटते.

तिकीट पुन्हा उघडा आणि गेटवे सांभाळणाऱ्या इंजिनिअरला मला फोन करायला सांगा. सात दिवसांत हे झाले नाही तर नूतनीकरण होणार नाही आणि भरलेल्या पैशांसाठी ग्राहक आयोगाकडे जाईन. राउटर बंद-चालू करायला सांगणारा फोन पुन्हा नको.

एक ग्राहक