मोरचूद टाकून पऱ्या सुधारायचा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात बंधाऱ्यांतल्या हिरव्या पाण्याबद्दल बातमी आली होती. शेवाळ मारायला पाण्यात मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) टाकण्याचा विचार सुरू आहे, असं तिच्या शेवटी होतं. आमच्या गावात विचार करून झाला आहे, मोरचुदाची पिशवीही आली आहे. म्हणून हे पत्र.

मी कृषी सहायक म्हणून निवृत्त झालो. युरिया कधी टाकायचा, किती टाकायचा, हे बांधावर उभं राहून सांगण्यात नोकरी गेली. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच कबूल करतो.

हिरवं पाणी रस्त्यावरून दिसतं म्हणून त्याची बातमी होते. दगडाखाली कोण बघतो? आमच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, धुण्याच्या धोंडीच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी खळाळतं, तिथला दगड उलटा केला की तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या सैरावैरा पळायच्या. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले, ते सारखे हलत असायचे. वाळूचे कण एकमेकांना चिकटवून त्याच्या नळीत राहणारी दुसरी एक अळी होती. लहानपणी आम्ही ती घरं काडीने फोडत असू. खालच्या कोंडात झिंगे, काठच्या चिखलात शिंपले, आणि मुठे, म्हणजे खेकडे, तर कुठेही हात घाला. या फेब्रुवारीत मी वीसेक दगड उलटे करून पाहिले. वर बुळबुळीत शेवाळ, खाली काळा गाळ, गाळात वळवळणाऱ्या लाल अळ्या आणि भरपूर गोगलगाई. वाळूचं घर एकही मिळालं नाही.

यात गूढ काही नाही. लाल अळीच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, तिचं थोड्या प्राणवायूवर भागतं. त्या गोगलगाई पृष्ठभागावर येऊन हवा घेतात. डासाची अळी तर श्वासाची नळी वर काढून लोंबकळत असते, पाण्यात प्राणवायू असला काय नि नसला काय. अडकतात ते कल्ल्यांनी श्वास घेणारे. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तेच तो ओढून घेतं, त्यामुळे पाणी पहाटे सगळ्यात कोंडलेलं असतं. उन्हाळ्यात कधी कधी पहाटे झिंगे आपण होऊन काठाला येतात. पोरं टोपल्या भरतात आणि नशीब उघडलं म्हणतात. ते झिंगे गुदमरून आलेले असतात.

भर दुपारी निराळंच चालतं. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं, पाण्याचा सामू (पीएच) चढतो, आणि शौचालयांच्या शोषखड्ड्यांतून जांभ्याच्या भेगांवाटे झिरपलेल्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो. शिंपल्यांची पिल्लं याला फार नाजूक. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2013 मध्ये अमोनियाची मर्यादा कडक केली, ती गोड्या पाण्यातले शिंपले आणि काही गोगलगाई डोळ्यांसमोर ठेवूनच.

हवा घेणाऱ्या गोगलगाई वाढल्या तर वाढू देत, असं म्हणणाऱ्यांनी आपल्या गुरांच्या डॉक्टरांना लिव्हर फ्लूकबद्दल विचारावं. गुरांच्या यकृतातल्या त्या कृमीची पिल्लं आधी गोगलगाईतच वाढतात. आणि आपल्याच गुहागर तालुक्यातलं गिमवी वैद्यकाच्या पुस्तकांत गेलं ते 1952 मध्ये, लघवीवाटे रक्त पाडणाऱ्या कृमीरोगामुळे. त्या कृमीला थारा देणारी म्हणून तिथली एक इवलीशी गोगलगाय नोंदली गेली. तो आता इतिहास झाला, पण पाण्यात कोण वाढतं याचा आणि आपला काही संबंध नाही असं निदान या तालुक्यात तरी कुणी म्हणू नये.

आता खत. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो नत्र (नायट्रोजन) असतं. लावणीच्या खाचरात ते फोकायचं आणि त्याच रात्री बांध फुटेस्तोवर पाऊस लागायचा, हे मी किती वेळा पाहिलं असेल! पावसाळ्यातलं बरंचसं नत्र धावत खाडी गाठतं. खतातलं दुसरं द्रव्य, स्फुरद (फॉस्फरस), मात्र मातीच्या कणांना धरून राहतं आणि बंधाऱ्यामागच्या गाळात बसतं. पाऊस संपला, बंधाऱ्याला फळ्या घातल्या, पाणी थांबलं आणि तापलं की तळाचा प्राणवायू संपतो आणि तेच स्फुरद गाळातून पुन्हा सुटतं. त्यात साबणाचं पाणी, गुरं धुतलेलं पाणी, नारळी-सुपारीच्या आगरातून पाटाने परत आलेलं पाणी. गणपतीचं निर्माल्यही आहेच, पण त्यावर बोलणं सोपं असतं म्हणून सगळे त्याच्यावरच बोलतात.

मोरचुदाने शेवाळ मरेल, खरं आहे. मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायू खाईल, आणि तांबं झिंग्यांना, शिंपल्यांना, गोगलगाईंना सगळ्यांनाच विष आहे. गाळातलं स्फुरद जिथल्या तिथे. पंधरा-वीस दिवसांत पाणी पुन्हा हिरवं, आणि तेव्हा ते शेवाळ चरायलाही कुणी उरलेलं नसेल.

"पाण्याचा रिपोर्ट चांगला आहे," असं मला ग्रामसभेत सांगण्यात आलं. असेल. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पण ती मर्यादा माणसाची आहे. स्पेनमधल्या संशोधकांनी 2005 मध्ये नाजूक जलचरांसाठी सुचवलेली मर्यादा नायट्रेटच्या हिशेबात सुमारे 9 येते. म्हणजे रिपोर्ट उत्तम आणि पऱ्या रिकामा, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तळाच्या किड्यांवरून पाण्याची पाच वर्गांत प्रतवारी करण्याची पद्धत आहे. तिला फार सामान लागत नाही, जाळी, पांढरी थाळी आणि भिंग असलं की झालं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच महिलांना पाणी तपासायला शिकवतात. त्यांना आणखी एक दिवस देऊन दगड उलटायला शिकवा. आमच्याकडच्या बायका कुर्ल्या धरण्यात पुरुषांपेक्षा तरबेज आहेत, त्यांना किडे ओळखणं जड जाणार नाही.

खताचा इलाजही नवा नाही. चारसूत्री पद्धतीच्या भातलावणीत रोपांच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपी खतांची एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचतात. खत वाहून जात नाही आणि लागतंही कमी. मी हे शिकवलं, लोकांनी दोन वर्षं केलं आणि सोडलं, कारण वाकून गोळ्या खोचायला माणसं मिळत नाहीत. अनुदान द्यायचंच तर त्या मजुरीला द्या. आणि पऱ्यापासून जेमतेम पाच-सहा हातांवर शोषखड्डा खणायला परवानगी देणाऱ्यांनी एकदा तिथे उभं राहून पाहावं की उतार कुठे जातो.

राहिली पिशवी. पावसाच्या तोंडावर सुपारीला कोळे रोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, फवारावंच लागतं. पंचायतीने ती आगरवाल्यांना विकून टाकावी, मी स्वतः पाच किलो घेईन.

आपला,
एक निवृत्त कृषी सहायक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी