ओटीपी जवानाच्या फोनवर, शेत बायकोच्या हाती

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर

विषय: नोकरीवर असलेल्या जवानांच्या घरची महसुली कामं

महोदय,

चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्यापासून शिरोळच्या सैनिक टाकळीपर्यंत, फौजीचं घर नाही असं गाव या जिल्ह्यात शोधावं लागेल. नवरा युनिटमध्ये असताना ऊस, जनावरं, सासू-सासऱ्यांचा दवाखाना, पोरांची शाळा सगळं बायको बघते. पगार वेळेवर जमा होतो, आजारपणात फौजी दवाखान्याचा आधार असतो आणि बँकेपासून कारखान्याच्या शेती ऑफिसपर्यंत एकटीनं जाऊन काम करून यायची हिंमत याच आयुष्यानं दिली. त्याचा आम्हाला अभिमान आहे. अडतं ते महसूलच्या दारात. तिथं एकच उत्तर मिळतं: "मालकांना घेऊन या."

जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस नैमित्तिक रजा असते, तीही युनिटच्या सोयीनं, तुकड्यातुकड्यांत. सासरे वारले की वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क या महसूलच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो. पण पुढं नोटीस, हरकतीचे 15 दिवस, मग मंडल अधिकाऱ्यांची मंजुरी. भावकीतल्या कुणी हरकत घेतली की सुनावणी लागते आणि तारीख नेमकी रजा संपल्यावरची पडते.

फार्मर आयडीचं, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांकाचं, तर फारच अवघड. ओटीपी जातो खातेदाराच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल रेंज नसलेल्या चौकीवर किंवा ड्युटीमुळं बंद. दहा मिनिटांत ओटीपी बाद. संध्याकाळी त्यांचा फोन येईपर्यंत सेतूला कुलूप लागलेलं असतं.

यावर खरा उपाय 1992 पासून सरकारकडंच आहे: लक्ष्मीमुक्ती योजना. नवऱ्यानं तहसीलदारांकडं साधा अर्ज दिला की बायकोचं नाव सहखातेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. मग फार्मर आयडी तिच्या नावानं, ओटीपी तिच्या फोनवर, पीककर्जाचा अर्जही तिला करता येतो. मात्र जमीन आधी नवऱ्याच्या नावावर हवी. म्हणजे वारस नोंद रखडली की हेही रखडतं. म्हणून जवानांच्या वारस नोंदी आधी हातात घ्या, आणि हरकत आलीच तर सुनावणी रजेतल्या तारखेला ठेवा. रजेचा दाखला अर्जाला जोडायची आमची तयारी आहे.

जमिनीच्या दस्तासाठी मुखत्यारपत्र लागलं तर ते दुय्यम निबंधकांसमोर प्रमाणित करावं लागतं, कमांडिंग ऑफिसरची सही तिथं पुरत नाही. ते रजेतच उरकावं लागतं आणि त्यातही सर्व्हर बंद असला की दिवस गेला. जवानांना त्या दिवशी आधी घ्यावं, एवढं सांगून ठेवलंत तरी पुष्कळ. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक माफ असूनही 500 रुपयांचा स्टॅम्प मागितला जातो. तो थांबवा.

आणि एक गोष्ट फक्त आपल्याच हातात आहे. भारतीय सैनिक (खटले) अधिनियम, 1925 च्या कलम 5 नुसार, आपल्या जिल्ह्यातला जवान दिवाणी किंवा महसुली दाव्यात हजर राहू शकत नाही असं दिसलं तर जिल्हाधिकारी तसं न्यायालयाला प्रमाणित करून कळवू शकतात. बांधाच्या आणि वाटणीच्या किती दाव्यांत जवानाच्या माघारी एकतर्फी निकालाची भीती असते, हे आपल्या प्रांत कार्यालयांना ठाऊक आहे. अशा दाखल्यासाठी अर्ज कुणाकडं आणि कसा द्यायचा, याचा एक कागद प्रत्येक तहसीलच्या फलकावर लावा.

या सगळ्या कामांसाठी तालुक्यातालुक्यात शिबिर घ्यावं ही विनंती. पहिलं गडहिंग्लजला, गौरी-गणपतीच्या आठवड्यात. दिवस सुटीचे आहेत, कर्मचाऱ्यांची अडचण आम्ही समजतो, पण जास्तीत जास्त जवान तेव्हाच घरी असतात.

आपल्या,
जवानांच्या पत्नी, कोल्हापूर जिल्हा