भिंत ओली आहे, हे तुमच्या मीटरने सांगितलं होतं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व घररंग विभाग

विषय : सावंतवाडीतील घराच्या माजघरातील टेक्स्चर भिंतीचे पोपडे निघणे आणि त्यावर तुमच्या प्रतिनिधीने दिलेली उत्तरे

महोदय,

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवला. जे ऐकलं त्यानंतर फोनवर बोलण्यात काही अर्थ राहिलेला नाही, म्हणून लेखी देतो आहे. बिल, इस्टिमेट आणि भिंतीचे फोटो सोबत जोडले आहेत. ऑर्डरचा तपशील तुमच्याकडे आहेच.

आमचं घर जांभ्या दगडाचं आहे. गिलावा चुन्याचा, वरून वर्षानुवर्षं दिलेला चुना. हे मी लपवलेलं नाही. तुमचा सुपरवायझर नारळी पौर्णिमेच्या सुमारास पाहणीला आला तेव्हा पहिल्यांदा हेच सांगितलं. त्याने पिशवीतून ओल मोजायचं मीटर काढलं, दोन्ही पिना माजघराच्या भिंतीत जमिनीपासून हातभर उंचीवर टोचल्या. लाल दिवा लागला आणि मीटर वाजायला लागलं. त्याने वर टोचून पाहिलं, बाजूच्या भिंतीत टोचून पाहिलं. तिथेही लालच. मी विचारलं, दिवाळीनंतर करूया का? आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, श्रावणात जांभा पाण्याने भरलेला असतो. तो म्हणाला, "काळजी नको, आमचा डॅम्पप्रूफ प्रायमर आहे, तो सगळं लॉक करतो. गणपतीच्या आत भिंत तयार." त्याच दिवशी त्याने निम्मे पैसे ॲडव्हान्स घेतले.

मीटर लाल दाखवत होतं. हे वाक्य या पत्रात पुन्हा येईल, कारण तुमच्याकडचं कोणीही आजवर त्याचं उत्तर दिलेलं नाही.

तुमचं उत्पादन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं असं धरून चालतो. ॲक्रेलिकची लांबी (पुट्टी), प्रायमर, बेस कोट आणि त्यावर मेटॅलिक ग्लेझ, असे एकावर एक थर ओल्या चुन्यावर चढवले की काय होणार, हे तुमच्या प्रयोगशाळेत कोणालाच माहीत नसेल? चुन्याची भिंत पाणी आत घेते आणि बाहेरही सोडते. तिच्यावर तुम्ही प्लास्टिकची पिशवी ओढलीत. आतली ओल वाट शोधत पुढे आली, सोबत क्षार घेऊन आली, ते क्षार रंगाच्या मागे साठून सुकले आणि त्यांनी अख्खा थर उचलून काढला. पांढरी भुकटी बोटाला लागते. फोटोत ती स्पष्ट दिसते आहे.

ही भिंत आमच्या गणपतीची. आमच्याकडे गणपतीच्या मागची भिंत दरवर्षी रंगवायची पद्धत आहे. माझे वडील आधी कळीचा चुना विरवून, गाळून, त्यात नीळ आणि थोडा डिंक घालून दोन हात द्यायचे आणि मग त्यावर रंगाने कमळं आणि मोर काढायचे. ते गेल्यावर कमळं काढणारं कोणी राहिलं नाही. भिंत ओकीबोकी दिसू नये म्हणून या वर्षी तुमचं तांब्याच्या झळाळीचं टेक्स्चर घेतलं. ते सुकल्यावर खरंच देखणं दिसत होतं, हे मी नाकारत नाही. आईने तर समई लावून मुद्दाम शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

27 ऑगस्टला गणपती बसला. गौरीपूजनाच्या दिवशी दुपारी चौरंगाच्या बाजूला ठेवलेल्या नैवेद्याच्या पानात भिंतीचा पोपडा पडला. तळहाताएवढा. पान बदललं, तो पोपडा मी उलटा करून पाहिला. पुढून तांब्याचा रंग, मागे लांबीचा पांढरा थर, आणि त्या लांबीला चिकटून वडिलांच्या हातच्या चुन्याचा निळसर पापुद्रा. तुमचा रंग एकटा पडला नाही, आमची जुनी भिंत सोबत घेऊन पडला. आई एवढंच म्हणाली, "ह्या काय झाला रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अनंत चतुर्दशीपर्यंत आम्ही त्या जागी चादर लावून आरत्या केल्या.

आता आजच्या फोनबद्दल. हे संभाषण रेकॉर्ड होत असल्याची सूचना तुमच्याच यंत्रणेने सुरुवातीला दिली होती, तेव्हा ते काढून ऐका.

तुमची प्रतिनिधी म्हणाली, "सर, टेक्स्चर फिनिशमध्ये सरफेस थोडा अनइव्हन असणं नॉर्मल आहे." मी म्हटलं, ताई, खडबडीत दिसत नाही, भिंत सुटून खाली पडते आहे. तिने होल्डवर ठेवलं. परत आल्यावर विचारलं, "रूममध्ये काही फंक्शन झालं होतं का?" म्हटलं, गणपती होता. "म्हणजे दिवे, धूप, कापूर?" म्हटलं, गणपतीसमोर समई असतेच. "आणि खूप माणसं?" म्हटलं, वाडीतलं भजन होतं, माणसं येणारच. मग ती कागदावरचं वाचल्यासारखं बोलली, "हीट, स्मोक आणि ह्युमिडिटीमुळे झालेलं डॅमेज वॉरंटीत कव्हर होत नाही सर. गणपती बसवण्याआधी तुम्ही आमच्या टीमला इन्फॉर्म केलं होतं का?"

मला क्षणभर बोलताच आलं नाही. मी पुन्हा विचारलं, काय म्हणालात? तिने तेच वाक्य तसंच्या तसं पुन्हा म्हटलं. गणपती बसवण्याआधी टीमला इन्फॉर्म केलं होतं का.

साहेब, तुमच्या सुपरवायझरने दिलेल्या इस्टिमेटवर तिसऱ्या ओळीत "गणपती वॉल, 10 बाय 12" असं तुमच्याच कंपनीच्या कागदावर लिहिलेलं आहे. तुमची जाहिरात "गणपतीआधी घर नवं करा" म्हणून आमच्या बाजारपेठेत लागली होती. गणपतीच्या नावावर काम मिळवायचं, आणि भिंत पडली की गणपतीच्याच समईवर ढकलायचं? आणि समईचं म्हणाल तर ती भिंतीपासून चांगली लांब होती. पोपडे सुटलेत ते जमिनीपासून कमरेपर्यंत, आणि बाजूच्या भिंतीलाही, जिथे ना दिवा होता ना धूप. समईच्या उंचीवरचा रंग अजून शाबूत आहे. ओल खालून चढली आहे. ती तिथे आहे हे तुमच्या मीटरने काम सुरू होण्याआधीच सांगितलं होतं. मीटर लाल होतं.

ती मुलगी समोर लिहून दिलेलं वाचत होती, तिच्यावर माझा राग नाही. ते उत्तर ज्याने लिहून दिलं त्याच्यावर आहे. फोन ठेवल्या ठेवल्या तिच्या सेवेला पाचपैकी किती तारे देता म्हणून मेसेज आला.

वॉरंटीच्या कागदात बारीक अक्षरात ओलाव्याचा अपवाद आहे, हे मी आता वाचलं आहे. पण भिंत ओली आहे हे ठाऊक असताना "सगळं लॉक करतो" म्हणून काम घेणं याला ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सेवेतील त्रुटी म्हणतात. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. माझं बिल 96,000 रुपयांचं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार आजच नोंदवतो आहे. आयोगात जायची वेळ आली तर इस्टिमेट, फोटो आणि तो पोपडा घेऊन मी स्वतः उभा राहीन.

मला काय हवं आहे ते सांगतो. माजघराच्या दोन्ही भिंतींचा रंग आणि लांबी तुमच्या खर्चाने गिलाव्यापर्यंत खरवडून काढा. खालचा गिलावा उखडला तर तो चुन्यानेच भरा, सिमेंटने नाही. त्यानंतर उन्हाळा संपेपर्यंत भिंत उघडी राहू द्या, तिच्यावर काहीही लावू नका. या दोन भिंतींचे घेतलेले पूर्ण पैसे परत करा. पाहणीच्या दिवशीची मीटरची नोंद आणि वापरलेल्या बादल्यांचे बॅच क्रमांक मला लेखी द्या. पंधरा दिवसांत उत्तर हवं, आणि ते फोनवर नको.

खरवडायला माणूस पाठवाल तेव्हा चुन्याच्या भिंतीवर पूर्वी काम केलेलाच पाठवा. पत्रा जोरात लावला तर उरलेला निळसर चुनाही जाईल, आणि तो तुम्हाला भरून देता येणार नाही.

आपला,
एक ग्राहक
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग