खोक्यावर एका पानाचा खर्च छापा ना!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२० ला शाळा ऑनलाईन झाल्या आणि आमच्या कॉलनीत घरटी एक प्रिंटर आला म्हटलं तरी चालेल. प्रिंट, स्कॅन, कॉपी तिन्ही करणारा ऑल-इन-वन इंकजेट, किंमत चार हजाराच्या आतबाहेर, पहिलं कार्ट्रिज म्हणजे शाईची डबी सोबतच, झेरॉक्सवाल्याकडे जायची कटकट नाही म्हणून सगळे खूष. आता त्यातले बरेचसे माळ्यावर गेलेत आणि कारण विचारलं तर सगळीकडे एकच उत्तर, शाई परवडत नाही हो. या विषयावर वर्तमानपत्रात फारसं काही येत नाही, म्हटलं आपणच लिहू.

आधी हिशोब बघा. स्वस्तातल्या मशीनचं छोटं काळं कार्ट्रिज आठशेच्या पुढेमागे मिळतं आणि त्यातून साधारण १२० पानं निघतात असं कंपनीच सांगते. म्हणजे पानामागे सहा-सात रुपये, कागद वेगळा. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला तेच पान दोन रुपयांत काढतो आणि वर स्टेपल मारून देतो. उलट इंक टँकवाला, म्हणजे बाटलीने शाई भरायची टाकी असलेला प्रिंटर घेताना दहा-बारा हजार जातात, पण काळ्या शाईची बाटली तीनशे-चारशेला मिळते आणि चार हजाराच्या वर पानं देते, पान दहा पैशांच्या आत पडतं. ही दोन्ही मशीनं दुकानात शेजारी शेजारी मांडलेली असतात, गिऱ्हाईकाला दिसतो फक्त किमतीचा स्टिकर आणि सेल्समन सांगतो काय तर वायफाय आहे, मोबाईलवरून प्रिंट निघते. पान केवढ्याला पडेल हे विचारलं की तो इकडेतिकडे बघायला लागतो.

बरं ती १२० पानं तरी कुठली? त्यासाठी आयएसओ २४७११ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात ठरलेली नमुन्याची पानं सलग छापत राहून मोजणी होते. घरी असं कोण छापतं? आपल्याकडे आज दोन पानं बोनाफाईड, मग पंधरा दिवस काही नाही, मग एकदम स्कॉलरशिपच्या सराव पेपरचा गठ्ठा. मधल्या काळात कागदावर शाई सोडणाऱ्या हेडच्या बारीक छिद्रांत शाई वाळते, हेड चोक होतं, मग प्रिंट काढायला गेलं की अक्षरांमधून पांढऱ्या रेघा. नोझल चेकचं, म्हणजे ही छिद्रं तपासायचं पान काढून बघा, जिथे जिन्यासारखी सलग रेघ पाहिजे तिथे मधल्या पायऱ्याच गायब असतात. मग हेड क्लीनिंग मारायचं, आणि ते क्लीनिंग पाण्याने होत नाही, तुमच्याच शाईने होतं. घुर्र घुर्र करत मशीन शाई ओढतं आणि खाली एका पॅडमध्ये सोडून देतं. दोन-तीनदा क्लीनिंग केलं की कार्ट्रिजची पातळी डोळ्यादेखत उतरते आणि हातात एकही पान नाही.

त्या पॅडबद्दल तर विकत घेताना कोणी चकार शब्द काढत नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये ही वाया गेलेली शाई शोषायला आत फेल्टसारखे तुकडे असतात आणि किती शाई गेली याचा अंदाज मशीन स्वतः ठेवतं. आकडा भरला की इंक पॅडची मुदत संपली असा मेसेज येतो आणि छपाई बंद. टाकीत शाई भरलेली, हेड चांगलं, तरी बंद. सर्व्हिस सेंटरला न्या, पॅड बदला, काउंटर रिसेट करून घ्या. काही नव्या मॉडेलमध्ये हा पॅडचा डबा स्क्रू काढून घरीच बदलता येतो, म्हणजे करता येतं की नाही? मग सगळ्यांत का देत नाही?

रंगीत कार्ट्रिजची तऱ्हा आणखी वेगळी. एकाच डबीत निळा, गुलाबी, पिवळा. मुलांच्या प्रोजेक्टमध्ये आकाश, समुद्र, जलचक्र, सगळा निळाच निळा, त्यामुळे तो आधी संपतो आणि उरलेले दोन रंग शिल्लक असताना अख्खी डबी टाकायची. काही लोक सिरिंजने रिफिल करतात, आम्हीपण केलंय, पिवळ्याच्या भोकात निळी शाई गेली की पुढचे कितीतरी दिवस घरातला प्रत्येक फोटो आजारी दिसतो आणि ओट्यावर पडलेला डाग काही केल्या जात नाही.

पण मला खरा राग आहे तो स्कॅनरचा. स्कॅनिंगला लागते काच आणि दिवा, शाईचा त्यात काडीचा संबंध नाही. तरी आमच्या मशीनमधलं कार्ट्रिज संपलं की स्कॅनसुद्धा होत नाही, पुढे जाऊच देत नाही. महाडीबीटीची शेवटची तारीख, उत्पन्नाचा दाखला अपलोड करायचाय, साईट आधीच रडत रडत चाललीय आणि मशीन म्हणतं आधी कार्ट्रिज बदला. शेवटी मोबाईलनेच फोटो काढून पीडीएफ केली, कोपऱ्यात अंगठ्याची सावली आली ती आली. तीन कामं करतो म्हणून विकलेल्या वस्तूचं एक काम अडलं की बाकीचीही बंद, याला काय म्हणायचं? गिरणीवाल्याने मिरची दळायचा दगड झिजला म्हणून गव्हाची गिरणीही बंद ठेवण्यातला प्रकार.

एवढं असून प्रिंटर टाकवत नाही हेही खरं. रात्री साडेदहाला मुलगा सांगतो, आई, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय, चित्रं पाहिजेत, तेव्हा कुठला झेरॉक्सवाला उघडा असतो? सासूबाईंच्या हयातीच्या दाखल्यापासून सीईटीच्या हॉल तिकिटापर्यंत सगळं घरी निघतं, शेजारच्या काकूपण आधार कार्डाची कॉपी काढायला आमच्याकडेच येतात आणि येताना वाटीभर काहीतरी घेऊन येतात. वापरायची रीत कळली तर त्रास थोडा कमी होतो. प्रिंटर बंद करताना त्याच्याच बटणाने बंद करा, आपल्याकडे भिंतीवरचं बटण खटकन बंद करायची सवय आहे, तसं मध्येच केलं तर हेड कडेला जाऊन रबराच्या टोपीखाली बसत नाही, उघडं राहतं आणि वाळतं. आठवड्यातून एखादं रंगीत पान काढत राहा. पावसाळ्यात कागद ट्रेमध्ये ठेवून देऊ नका, दमट होतो आणि पेपर जॅम होतो. आणि नवीन फायबरचा राउटर आल्यावर प्रिंटर वायफायला सापडेना झाला तर लगेच बिघडला म्हणू नका, पुष्कळ मॉडेल फक्त २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क पकडतात, ५ चं नाही. ज्यांना फक्त काळी अक्षरंच छापायची त्यांनी सरळ साधा लेझर घ्यावा, त्यातली पावडर वाळायचा प्रश्नच नाही.

पण ही सगळी अक्कल ग्राहकाने वस्तू घेतल्यावर पाच वर्षांनी का मिळवायची? बाहेरच्या देशांत यावर भांडणं झालीत. इटलीत २०२० मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने एचपीला एक कोटी युरोचा दंड केला, दुसऱ्या कंपनीची कार्ट्रिज चालणार नाहीत हे ग्राहकांना नीट सांगितलं नाही म्हणून. अमेरिकेत लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कार्ट्रिज एकदा विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपला, ते रिफिल करून विकणाऱ्यावर पेटंटचा दावा लावता येणार नाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं काम हातात घेतलं, पोर्टल काढलं. पुढे दुरुस्ती किती सोपी हे दाखवणारा निर्देशांक ठरवायला समिती नेमली, २०२५ मध्ये तिचा अहवाल आला, सुरुवात मोबाईल आणि टॅब्लेटपासून होणार. ठीक आहे, मोबाईल सगळ्यांकडे आहेत. पण पुढच्या यादीत प्रिंटर घाला.

निर्देशांकाला वेळ लागणार असेल तर एक काम ताबडतोब होण्यासारखं आहे. फ्रिज घेताना दारावर तारे दिसतात, वर्षाला किती युनिट खाणार हे लेबलवर असतं, तसं प्रिंटरच्या खोक्यावर काळ्या आणि रंगीत पानाचा खर्च मोठ्या अक्षरांत छापायला लावा. त्याच्याच खाली शाई नसताना स्कॅन चालतं की नाही आणि पॅड घरी बदलता येतं की नाही, एवढी दोन उत्तरं. कंपन्यांकडे ही माहिती आहेच, नवीन काही शोधायचं नाहीये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिज दोन्ही येतात, तेव्हा विकणाऱ्या दुकानांनी निदान रिकामी कार्ट्रिज परत घ्यायला एक डबा ठेवावा, आमच्याकडे सध्या ती खणात साठतायत आणि घंटागाडीत टाकायला मन होत नाही.

– एक पालक, मिरज